मुक्काम पोस्ट पेनड्राइव्ह

आमच्या घरी रोज सकाळी दोन गोष्टी एकदमच सुरू व्हायच्या. गॅसवर चहा आणि टेबलावर संगणक. या शर्यतीत चहा कधीच हरला नाही. आलं ठेचून झालं, साखर पडली, दूध दोनदा वर येऊन खाली बसलं, चहा कपातून बशीत आणि बशीतून पोटात गेला, तरी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्या सरकतच असायच्या.

“काय पाहून राहिले त्या डब्याकडं?” ही स्वयंपाकघरातून विचारायची.

“सुरू होऊन राहिला.”

“कालचाच का आजचा?”

डबा जुना आहे हे कबूल. आत मेमरी 2 जीबी, जी घेतली त्या दिवशी दुकानदारानं ‘आयुष्यभर पुरेल’ असं सांगून दिली होती. आयुष्य कुणाचं ते विचारायचं राहून गेलं. हार्ड डिस्क सात वर्षं चालली आणि एका मे महिन्यात गेली. वर्ध्याचा पारा त्या दिवसांत 46-47 ला टेकतो, तिथं डिस्कचं काय घेऊन बसलात. जाण्याआधी आठवडाभर ती कट्-कट् करत होती. मला वाटलं पाल चुकचुकतेय. मी आपला प्रत्येक वेळी ‘सत्य, सत्य’ म्हणत टेबलावर टिचकी मारत राहिलो.

दुकानदार म्हणाला भंगारात द्या. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, हार्ड डिस्क नको, काही नको, अख्खी सिस्टिम यात बसते,” आणि त्यानं खिशातून अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह काढून ठेवला. आत पपी लिनक्स होतं. बॅरी कॉलर नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानं 2003 मध्ये हे सुरू केलं आणि आपल्या चिवावा जातीच्या चिमुकल्या कुत्र्यावरून त्याचं नाव ठेवलं. नाव शोभावं म्हणून हे पिल्लू पहिल्यांदा सुरू होताना स्पीकरमधून चक्क भुंकतं. ते भुंकलं तेव्हा ही हातात काठी घेऊन अंगणात गेली होती. परत आल्यावर तिनं पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून की हरवू नये म्हणून, ते तिनं सांगितलं नाही.

पपीची रीत साधी आहे. सगळी सिस्टिम म्हणजे दाबून बसवलेली एक मोठी फाइल. सुरू होताना ती पेनड्राइव्हवरून उचलायची, मेमरीत आणून ठेवायची आणि मग दिवसभर मेमरीतच नांदायचं. सुगीत वर्षाचे गहू एकदाच कोठीत भरून ठेवावेत आणि मग पावशेरासाठी दुकानाची पायरी चढू नये, तसं. त्यामुळं एकदा उठलं की हे पिल्लू चांगलंच पळतं. माझी तक्रार उठण्यापुरती होती.

या उठण्याला इंग्रजीत बूट का म्हणतात? आमच्या सेवाग्रामला बूट म्हटलं की बापूकुटीच्या बाहेर काढून ठेवायची वस्तू एवढंच ठाऊक. शब्द आलाय बुटाच्या मागच्या पट्टीवरून. ती पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलायचं, अशी ती कल्पना. संगणक चालायला प्रोग्राम लागतो, आणि प्रोग्राम आत आणायला संगणक चालू असावा लागतो. आपल्याकडं हे कोडं फार पूर्वी मांडलेलं आहे: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. संगणकानं त्यातून वाट अशी काढली की आधी बायॉस नावाचा एक अगदी छोटा प्रोग्राम जागा होतो, तो जरा मोठ्याला उठवतो, मोठा त्याहून मोठ्याला. एकत्र कुटुंबातली पहाट.

निवृत्त माणसाकडं वेळ भरपूर असतो, म्हणूनच तो वाया गेलेला त्याला सहन होत नाही. मी शंभर पानी वही घातली आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन बसलो. पहिल्या दिवसाची नोंद: चार मिनिटं. मग या चार मिनिटांची फोड करायला लागलो. डीमेस्ग नावाची एक आज्ञा असते. ती दिली की यंत्र उठल्यापासून कोणत्या सेकंदाला काय केलं याचा जबाब ओळीनं देतं. चाळीस वर्षं हजेरीपटावर सह्या घेतलेल्या माणसाला यासारखं वाचन नाही.

त्या जबाबात मध्येच एक ओळ होती. दुवा उत्तर द्यायला वेळ लावतोय, कृपया धीर धरा, असा तिचा अर्थ. यंत्र इतक्या अदबीनं कुणाची वाट पाहत होतं? तर त्या गेलेल्या हार्ड डिस्कची. ती मेली होती, पण डब्यातून हललेली नव्हती. आधी बायॉस तिला हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. तो कंटाळल्यावर लिनक्सचा गाभा उठायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तीच हाक. पिंड ठेवून सगळी मंडळी नदीकाठी कावळ्याची वाट पाहत उभी आहेत आणि कावळा काही शिवत नाही, असा प्रकार रोज सकाळी माझ्या टेबलाखाली चालला होता. मी डबा उघडला, तिच्या दोन्ही वायरी काढल्या. मिनिटभराहून जास्त वेळ एका झटक्यात गेला. वायर काढताना जरा वाईट वाटलं. तिच्यात भाचीच्या लग्नाचे फोटो होते.

बायॉस आणखी एका वस्तूची चौकशी करायचा, ती म्हणजे फ्लॉपी. माझ्या डब्यात फ्लॉपीची खाच कधीही नव्हती. तरी तो नेमानं विचारायचा. ती चौकशी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. सुरुवातीचा मेनू दहा सेकंद थांबून ‘यापैकी काय हवं?’ असं विचारायचा, त्याला दोनच सेकंदांची मुदत दिली. घरात एकच भाजी असताना विचारायचं कशाला?

आता माझी स्वतःची करणी सांगतो. त्याच बायॉसमध्ये यूएसबीच्या वेगाचे दोन पर्याय होते, ‘फुल स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’. मी सुरुवातीलाच जाणतेपणानं फुल स्पीड निवडून ठेवलं होतं. फुल म्हणजे पूर्ण, पूर्णाच्या वर काय असणार? ‘पूर्णमदः’ म्हणणाऱ्या देशातला माणूस दुसरं काय करेल! पण यूएसबीच्या भाषेत फुल स्पीड म्हणजे सेकंदाला 12 मेगाबिट आणि हाय स्पीड म्हणजे 480. पहिली यूएसबी आली तेव्हा 12 हाच पूर्ण वेग होता म्हणून ते नाव पडलं. पुढं चाळीसपट वेग आला, तरी जुन्याचं नाव कुणी बदललं नाही. गावातल्या ‘नवीन विहिरी’सारखं, जी आता गावात सगळ्यात जुनी असते. लिनक्सचा गाभा उठेपर्यंतचा सगळा माल बायॉसच्याच हातून येतो, आणि तो मी स्वतः बैलगाडीत घातला होता. पर्याय बदलला आणि भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो इतका हसला की ‘मामा’ हा शब्द त्याला पुरा करता येईना.

इतकं करूनही मध्ये एक खड्डा राहिलाच. गाभा उठला, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला, आणि मग पंचवीस सेकंद सामसूम. या वेळात यंत्र आपलीच मोठी फाइल शोधायचं. ती ज्या पेनड्राइव्हवर आहे त्याच्यावरूनच ते उठलेलं असतं, पण गाभा जागा होईपर्यंत ते विसरलेलं असतं. मग सीडीच्या खाचेत डोकाव, कार्डाच्या खाचेत डोकाव, प्रत्येक कप्प्यात हात घालून ‘इथं आहे का?’ विचार. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर.

मागच्या आळीतले एक निवृत्त पोस्टमन संध्याकाळी बसायला येतात. त्यांनी हा प्रकार दोनदा शांतपणे पाहिला आणि विचारलं, “तुमच्या डब्याले पिनकोड नाही काय जी?”

मी हसलो. मग हसू थांबलं. कारण आमच्या गावाचा अख्खा इतिहासच या प्रश्नात आहे.

सेवाग्रामात राहणारा माणूस काहीही लिहायला बसला तरी तिसऱ्या पानावर गांधीजी येतात, असं माझे मित्र म्हणतात. या वेळी मी त्यांना आणलेलं नाही, पोस्टानं आणलंय. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव होतं सेगाव. आणि तिकडं बुलढाणा जिल्ह्यात, नागपूर-भुसावळ लोहमार्गावर, शेगाव. गजानन महाराजांचं. दोन्ही वऱ्हाड-नागपूरच्या अंगणातली, नावात फरक एका अक्षराच्या शेंडीचा, इंग्रजीत लिहिलं की तो एका ‘एच’पुरता उरायचा. जगभरातून गांधीजींना येणारी पत्रं शेगावला जाऊ लागली. ज्या माणसाच्या लिखाणाचे पुढं शंभर खंड झाले आणि त्यातही पत्रांचा भरणा मोठा, त्याची डाक दोनशे किलोमीटर चुकायची म्हणजे काय! शेवटी 1940 मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम ठेवलं. आज त्या नावाला आपण भावार्थ चिकटवतो, व्याख्यानं देतो. मुळात तो टपालाचा घोटाळा निस्तरण्याचा उपाय होता. व्हाइसरॉय लिनलिथगोनं तर पत्त्याची भानगडच ठेवली नाही, आश्रमात थेट टेलिफोन बसवून दिला. तो अजून तिथं पाहायला मिळतो. त्याच्यापेक्षा साप पकडायचा चिमटा पोरांना जास्त आवडतो, हे वेगळं.

पोस्टमन म्हणाले, “तवा पिनकोड असता तर नाव काहून बदलाव लागलं असतं जी? चार चार दोन, एक शून्य दोन. आपलं झालं. शेगावचं चार चार चार, दोन शून्य तीन. पत्र कशाले चुकते?”

पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. तो आखणारे गृहस्थ मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशभर एकाच नावाची गावं ढिगानं, पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले, अक्षरं डॉक्टरांची. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचं उत्तर काढलं. पहिला आकडा विभाग, मग उपविभाग, मग वर्गवारीचा जिल्हा, शेवटी तीन आकड्यांत पोस्ट. संस्कृतात वृत्तं बांधणाऱ्या माणसाला सहा घरांत देश बसवणं जड गेलं नसावं, असा माझा तर्क.

मी त्या रात्रीच भाच्याला फोन केला. माझ्या डब्याला पिनकोड असतो का? असतो, म्हणाला. प्रत्येक ड्राइव्हला एक यूयूआयडी असतो. पेनड्राइव्हचा म्हणजे आठच खुणांचा, चार अक्षरं-आकडे, मध्ये आडवी रेघ, पुन्हा चार. नावं बदलतात, यूयूआयडी बदलत नाही. लिनक्स ड्राइव्हला एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, पण ती हजेरीच्या क्रमानं. जो आधी ‘हो’ म्हणेल तो एसडीए. आज एक, उद्या दुसराच.

हे कळायला माझी चार पानं गेली होती. गावातल्या जुन्या विहिरींची माहिती टिपून ठेवायचा मला नाद आहे, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. सावधपणा म्हणून मी पपीची दुसरी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर करून ठेवली होती. तिचंही नाव पपी, दुसरं कुठून सुचणार. एके दिवशी दोन्ही डब्याला लावलेले राहिले. सकाळी उघडतो तो विहिरींची चार पानं नाहीत. कोरं पान आणि वर महिन्यामागची तारीख. तास-दीड तास मी डोकं धरून बसलो होतो. पानं कुठंही गेली नव्हती. पहिल्या पेनड्राइव्हवर सुखरूप होती, यंत्रच दुसऱ्या पपीकडं गेलं होतं. माझी डाक शेगावला पोचली होती.

मग मेनूच्या फाइलमध्ये दोन गोष्टी लिहिल्या. पीमीडियापुढं यूएसबीफ्लॅश, म्हणजे बाकी कुठं डोकावू नको, यूएसबीतच बघ. आणि त्यापुढं ड्राइव्हचा यूयूआयडी, म्हणजे याच दाराशी थांब. त्या आठ खुणा उतरवताना शून्य की ओ यावर अर्धा तास गेला. पण दुसऱ्या सकाळी ते पंचवीस सेकंद दोनावर आले. पोस्टमन काकांना मी त्या दिवशी चहाबरोबर गोरसपाक दिला.

आता फाइल मेमरीत यायचा वेळ तेवढा उरला. तिथं मात्र खरं ओझं होतं, शोधाशोध नव्हती. पेनड्राइव्ह पुढच्या सैल खाचेतून काढून मागच्या, थेट मुख्य पाटीवरच्या खाचेत लावला, त्यानं बराच फरक पडला. मग दिवाळीत भाचा आला तेव्हा त्यानं एक युक्ती केली. पपीची ती मोठी फाइल एक्सझेड पद्धतीनं घट्ट दाबलेली होती. हिंगणघाटच्या प्रेसमधली 170 किलोची गाठ पाहिली असेल तर कळेल. सैल कापूस गाडीभर होतो, तोच दाबून पट्ट्या आवळल्या की कोपऱ्यात मावतो. वाहतूक स्वस्त, पण गाठ फोडायची वेळ आली की घाम निघतो. माझ्या डब्याचा प्रोसेसर म्हातारा, त्याचा दम गाठी फोडण्यातच जायचा. भाच्यानं तीच फाइल एलझेड-फोरनं सैल बांधली. ती आकारानं वाढली, मेमरीत यायला थोडा जास्त वेळ लागायला लागला, पण उघडायला फार सोपी झाली. जमाखर्च मांडला तर पाच सेकंदांचा नफा. पाच सेकंदांसाठी आम्ही मामा-भाचे दोन रात्री जागलो आणि लक्ष्मीपूजनाला उशिरा उठलो.

भाचाच तेव्हा सांगत होता, 2008 मध्ये इंटेलमधल्या अर्यान फान दे फेन आणि आउके कॉक या दोघांनी ई पीसी नावाच्या चिमुकल्या लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत उठवून दाखवलं होतं. त्यांनी ‘जरा लवकर’ हा शब्दच काढून टाकला. आधी पाच सेकंद ठरवले आणि वाटून दिले. गाभ्याला एक, सुरुवातीच्या कामांना एक, पडदा रंगवणाऱ्या एक्सला एक, बाकीच्या संसाराला दोन. ज्याचं त्यानं भागवायचं. शोध घेताना त्यांना असंही सापडलं की एक्स दर वेळी उठताना कीबोर्डचा आराखडा नव्यानं तयार करतो. कीबोर्ड तोच, कळा त्याच, तरी रोज.

ऐकताना मला एक जुनी जाहिरात आठवली. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी मोठ्या ठसठशीत. चरखा हलका हवा, झोपडीत चालायला हवा, आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघायला हवं, किंमत 150 रुपयांच्या आत, आणि वीस वर्षं टिकायला हवा. वीस वर्षं! माझी हार्ड डिस्क सातव्या वर्षी गेली, तिला कुणी अट घातली नव्हती. ते बक्षीस शेवटपर्यंत कुणाला मिळालं नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ओळीनं मांडलेले चरखे पाहताना आता मला प्रत्येकापुढं सेकंदकाटा घेऊन बसलेला माझ्यासारखा कुणीतरी खटपट्या दिसतो, आणि त्याच्यामागं चहाचा कप धरून उभी असलेली त्याची बायकोही.

माझा आकडा पंचावन्न सेकंदांवर येऊन थांबला. पाचाच्या अकरापट, पण चहापेक्षा कमी. ज्या दिवशी पहिल्यांदा आधण येण्याआधी पडदा उजळला त्या दिवशी मी हिला हाक मारली. तिनं पाहिलं, म्हणाली, “मग आता लिहा.” हे मात्र अनपेक्षित होतं. आजवर चार मिनिटं तरी मला सबब होती.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी चहा ठेवला, संगणकाचं बटण दाबलं, आणि पेनड्राइव्ह नाही. खाच रिकामी. रात्री मी तो कुठंतरी नीट ठेवला होता, इतकं आठवत होतं. सदऱ्याच्या खिशात पाहिलं. झोळीत पाहिलं. टेबलाचा पहिला खण, दुसरा खण, औषधांचा डबा. चष्म्याच्या घरात पाहिलं. पुन्हा सदऱ्याचा खिसा, कारण पहिल्यांदा नीट पाहिलं की नाही याची खात्री नव्हती. देवघरात समईमागं पाहिलं. पडद्यावर बायॉस शांतपणे उभा होता, त्याला उठवायला काही सापडत नव्हतं. मागं चहा फस्सकन उतू गेला.

ही अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिथूनच, मान न वळवता म्हणाली, “फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीच्या मागं. लाल दोरा दिसून राहिला पाहा.”

दोरा दिसत होता. पंचावन्न सेकंदांत पपी उठलं. मी वही काढली आणि त्या तारखेपुढं लिहिलं: शोध, सहा मिनिटं वीस सेकंद. चहा पुन्हा ठेवला.